दारिद्र्य, धर्मवचन आणि संघटन : लिझ थिओहॅरिस यांच्या 'ऑल्वेज विथ अस?' या ग्रंथाची चिकित्सा

दारिद्र्य निर्मूलनाच्या चर्चेत अर्थशास्त्रज्ञांच्या आकडेवारीला आणि शासकीय योजनांना जेवढे स्थान मिळते तेवढे धर्मवचनांच्या अर्थाला मिळत नाही. वास्तविक पाहता गरिबीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो हे बऱ्याच अंशी प्रवचनातून, खुतब्यातून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या वचनांवर अवलंबून असते. "गरीब तर कायमच राहणार", "ज्याचे त्याचे नशीब", "अल्लाहची मर्जी" अशी वाक्ये सहज उच्चारली जातात. उच्चारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु या वाक्यांनी एक काम हमखास होते. गरिबी का आहे हा प्रश्न तेथेच थांबतो.

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशिका आणि बायबलच्या अभ्यासक लिझ थिओहॅरिस यांचा 'ऑल्वेज विथ अस? व्हॉट जीझस रिअली सेड अबाउट द पुअर' हा ग्रंथ अशाच एका वाक्याच्या मागे लागतो. अर्डमन्स या प्रकाशन संस्थेने तो २०१७ साली प्रसिद्ध केला. प्रस्तावना विल्यम बार्बर यांची आहे. "गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील" अशा आशयाचे येशूचे एक वचन मत्तयच्या शुभवर्तमानात (२६:११) येते. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात हे वचन गरिबी अटळ असल्याचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केले जाते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी कॅन्सस राज्यातील एका लोकप्रतिनिधीने, जे व्यवसायाने डॉक्टर होते, गरिबांच्या आरोग्यविम्याविषयी बोलताना याच वचनाचा आधार घेतला होता. म्हणजे प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या वर्गापुरता नाही, कायदे करणाऱ्या सभागृहापर्यंत त्याची पोच आहे.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे प्रतिपादन, त्यामागील चळवळीची पार्श्वभूमी, त्याची बलस्थाने व मर्यादा आणि इस्लामी विचारपरंपरेशी त्याचा असलेला संबंध यांचा क्रमाने विचार केला आहे.

१९६८ ची पार्श्वभूमी

थिओहॅरिस यांचा ग्रंथ समजून घ्यायचा तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अखेरच्या उपक्रमापासून आरंभ करावा लागतो. नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली आणि मतदान हक्कांचा कायदा १९६५ साली संमत झाला. उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळाला, पण जेवणाचे पैसे खिशात नसतील तर त्या हक्काचे काय करायचे, हा प्रश्न किंग यांच्यापुढे उभा राहिला. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी 'पुअर पीपल्स कॅम्पेन' म्हणजे गरिबांच्या मोहिमेची घोषणा केली. कृष्णवर्णीय, गोरे, मेक्सिकन वंशाचे आणि मूळ अमेरिकन अशा सर्व गरिबांनी एकत्र येऊन राजधानीत ठाण मांडावे, काम आणि किमान उत्पन्न यांची हमी सरकारकडे मागावी, अशी ती योजना होती.

या मोहिमेच्या तयारीतील एक प्रसंग अभ्यासकांनी आवर्जून नोंदवला आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये शिकागो येथे किंग यांची 'नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन' या संघटनेच्या महिलांशी बैठक झाली. सरकारी साहाय्यावर मुले वाढवणाऱ्या मातांची ही संघटना होती. त्या महिलांनी साहाय्यविषयक नव्या कायद्याबाबत किंग यांना नेमके प्रश्न विचारले. किंग यांना उत्तरे देता येईनात. तेव्हा जॉनी टिलमन यांनी, माहीत नसेल तर तसे सांगावे, असे त्यांना सरळ सुनावले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या त्या नेत्याने ते मान्य केले आणि आपण शिकण्यासाठी आलो आहोत असे सांगितले. गरिबांचे नेतृत्व या शब्दाचा अर्थ या प्रसंगात जितका स्पष्ट होतो तितका तो व्याख्येने होत नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले होते. त्यांच्यामागे राल्फ ॲबरनॅथी यांनी मोहीम पुढे नेली. मिसिसिपी राज्यातील मार्क्स या गावातून खेचरांच्या गाड्यांचा तांडा निघाला. वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर मे महिन्यात लाकडी खोपटांची 'रेझरेक्शन सिटी' वसली. पावसाने तेथे चिखल झाला, अंतर्गत मतभेद वाढले, जूनच्या आरंभी रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्याने सरकारदरबारी असलेला एक महत्त्वाचा सहानुभूतीदारही गेला. १९ जून रोजी मोठा मेळावा झाला आणि २४ जून रोजी पोलिसांनी वसाहत रिकामी केली. अन्नसाहाय्याच्या कार्यक्रमांत काही वाढ पदरात पडली. मूळ मागणी तशीच राहिली. वृत्तपत्रांनी मोहीम फसली असा निर्वाळा दिला आणि पुढे अनेक वर्षे किंग यांच्या चरित्रातील हे प्रकरण घाईने उलटले गेले.

लेखिकेची जडणघडण

थिओहॅरिस या १९९० च्या दशकात विद्यार्थिदशेत असतानाच फिलाडेल्फियातील गरिबांच्या संघटनांत काम करू लागल्या. त्या शहराचा केन्सिंग्टन हा भाग एकेकाळी कापड व इतर गिरण्यांचा होता. गिरण्या बंद झाल्या, वस्ती मात्र तेथेच राहिली. मुंबईतील गिरणगावाची हकीकत ज्यांना माहीत आहे त्यांना याचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. तेथे १९९१ साली 'केन्सिंग्टन वेल्फेअर राइट्स युनियन' स्थापन झाली. तिच्या आधी 'नॅशनल युनियन ऑफ द होमलेस' ही बेघरांची देशव्यापी संघटना उभी राहिली होती. १९९५ साली केन्सिंग्टन संघटनेच्या बेघर कुटुंबांनी उत्तर फिलाडेल्फियातील सेंट एडवर्ड या बंद पडलेल्या कॅथलिक चर्चचा ताबा घेतला आणि हिवाळ्यात तेथे मुक्काम केला. ज्या वास्तूत गरिबांविषयी प्रवचने होत त्याच वास्तूत गरीब राहावयास आले, आणि धर्मसंस्थेपुढे अवघड प्रश्न उभा राहिला.

पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी साहाय्याची जुनी पद्धत मोडीत काढणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. साहाय्याला कालमर्यादा आली, कामाची अट आली. त्याच कायद्यात धार्मिक संस्थांना सेवाकार्यासाठी सरकारी निधी घेण्याची वाट मोकळी करून देणारी तरतूदही होती. थोडक्यात, सरकारने हक्क आखडता घेतला आणि चर्चने दान वाढवावे अशी अपेक्षा ठेवली. थिओहॅरिस यांच्या ग्रंथात दानधर्माविषयी जी कठोरता आढळते तिचे मूळ या अनुभवात आहे. पुढे न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत २००४ साली 'पॉव्हर्टी इनिशिएटिव्ह' हा उपक्रम सुरू झाला, त्यातून कैरोस सेंटर उभे राहिले, आणि लेखिका त्याच्या संचालनाशी निगडित राहिल्या. अशा प्रकारे ग्रंथाच्या मागे विद्यापीठीय अभ्यास आणि वस्तीतील संघटन अशी दुहेरी शिदोरी आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

मत्तयमधील प्रसंग असा : बेथानी गावी शिमोन नावाच्या कुष्ठरोग्याच्या घरी येशू भोजनास बसले असता एक स्त्री येते आणि मौल्यवान सुगंधी तेल त्यांच्या मस्तकावर ओतते. शिष्य रागावतात. हे तेल विकून पैसा गरिबांना देता आला असता, असे ते म्हणतात. त्यावर येशू त्या स्त्रीची बाजू घेतात आणि गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील, मी मात्र नेहमी नसेन, अशा आशयाचे उत्तर देतात.

वरवर वाचले तर उत्तराचा रोख गरिबांची चिंता बाजूला ठेवण्याकडे दिसतो. थिओहॅरिस यांचे म्हणणे असे की हे उत्तर म्हणजे जुन्या करारातील 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायाचा उल्लेख आहे, आणि ऐकणाऱ्या यहुदी शिष्यांना तो सारा अध्याय ठाऊक होता. त्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. ती पाळली तर तुमच्यात कोणी गरीब राहणार नाही, असे चौथे वचन सांगते. सातवे वर्ष जवळ आले म्हणून कर्ज देण्यास हात आखडू नका, असा इशारा पुढे आहे. त्यानंतर अकराव्या वचनात, देशातून गरीब नाहीसे होणार नाहीत म्हणून हात मोकळा ठेवा, असे येते. लगेच दास्यात असलेल्यांना सातव्या वर्षी मुक्त करण्याची आणि रिकाम्या हाताने न पाठवण्याची आज्ञा येते. अध्याय एकत्र वाचला म्हणजे गरिबी ही आज्ञाभंगाची फलश्रुती ठरते. म्हणून येशूचे वाक्य लेखिकेच्या मते भाकीत नसून दोषारोप आहे : आज्ञा पाळल्या असत्या तर गरीब राहिलेच नसते.

दुसरा मुद्दा दानाचा. शिष्य सुचवतात तो मार्ग, म्हणजे वस्तू विकून पैसे वाटणे, हा रोमन साम्राज्यातील धनिकांच्या आश्रयदातृत्वाचा मार्ग होता. ज्या व्यवस्थेने गरीब केले तिच्याच बाजारात विकायचे आणि आलेल्या पैशातून थोडे गरिबांना द्यायचे. व्यवस्था अबाधित राहते आणि दात्याचे नाव होते. तिसरा मुद्दा अभिषेकाचा. मस्तकावर तेल ओतणे ही राजाच्या अभिषेकाची खूण आहे. एका अनामिक स्त्रीने, कुष्ठरोग्याच्या घरी, स्वतः निर्धन असलेल्या येशूला हा मान दिला. कर्जमुक्तीचे राज्य आणणारा नेता गरिबांतून येतो, असा अर्थ लेखिका त्यातून काढतात. याच प्रसंगानंतर यहूदा इस्कर्योत तीस नाण्यांचा सौदा करण्यास निघतो, ही मांडणीही त्यांना सूचक वाटते.

बलस्थाने

ग्रंथाचे पहिले यश पद्धतीचे आहे. तुटक वचन त्याच्या मूळ अध्यायात परत नेऊन ठेवणे ही रीत नवी नाही; कोणताही साक्षेपी भाष्यकार ती पाळतो. येथे विशेष आहे तो वाचणाऱ्यांचा सहभाग. बेघर, बेकार, सरकारी साहाय्यावर जगणारे लोक एकत्र बसून हा उतारा वाचतात आणि त्यांचे प्रश्न ग्रंथाच्या रचनेत येतात. तेल कोणाच्या मालकीचे होते, घर कोणाचे होते, बोलले कोण आणि गप्प कोण राहिले, हे प्रश्न सुखवस्तू वाचकाला सहसा सुचत नाहीत. ज्याने अन्नछत्राच्या रांगेत उभे राहून प्रवचन ऐकले आहे त्याला ते लगेच सुचतात. भाष्याच्या परंपरेत अशा वाचकाची जागा आजवर रिकामी होती.

दुसरे यश भूमिकेच्या स्पष्टतेचे आहे. गरिबांविषयी बोलणारे वाङ्मय बहुधा दोन सूर लावते : एक करुणेचा, दुसरा उपदेशाचा. दोन्हींत गरीब हा कोणाच्या तरी कृतीचा विषय असतो. थिओहॅरिस त्याला कर्ता मानतात. गरिबांचे संघटन गरिबांनीच करावे आणि धर्मसमुदायांनी त्यात साथ द्यावी, हा १९६८ च्या मोहिमेचा गाभा त्यांनी शास्त्रवचनाच्या अर्थाशी जोडून दाखवला आहे.

मर्यादा

तथापि ग्रंथातील सर्वच दुवे सारख्याच ताकदीचे नाहीत. बेथानी या नावाचा अर्थ 'गरिबांचे घर' असा घेतला जातो आणि प्रतिपादनाला त्याचा आधार मिळतो. परंतु या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. 'अंजिरांचे घर' असाही अर्थ अभ्यासकांनी सुचवलेला आहे. व्युत्पत्तीचा आधार काढून घेतला तरी मूळ युक्तिवाद उभा राहतो, तेव्हा त्यावर भार टाकण्याची गरज नव्हती.

दुसरी अडचण पाठभेदाची. हाच प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानातही (१४:७) आहे आणि तेथे, तुमची इच्छा होईल तेव्हा तुम्ही गरिबांचे भले करू शकता, अशा आशयाचे एक जादा वाक्य आहे. बहुसंख्य अभ्यासक मार्कला मत्तयच्या आधीचा मानतात. ते वाक्य लक्षात घेतले तर येशूच्या उत्तरात दानाचा निषेध वाटतो तेवढा कडक राहत नाही. योहानच्या वृत्तांतात आक्षेप घेणारा एकटा यहूदा आहे आणि त्याच्या प्रामाणिकपणावरच तेथे संशय घेतला आहे. तीन वृत्तांतांतील हे अंतर पाहता दानविरोधाचा निष्कर्ष मत्तयपुरता मर्यादित ठेवणेच योग्य ठरते.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दान आणि संघटन यांत ग्रंथ जी रेघ ओढतो ती चळवळीच्या प्रत्यक्ष व्यवहारात इतकी सरळ नसते. सेंट एडवर्ड चर्चमध्ये राहिलेल्या कुटुंबांना अन्न, कपडे, ऊब लागलीच, आणि अशा गोष्टी कोणीतरी आणून दिल्याशिवाय येत नाहीत. भुकेल्या माणसाला आधी जेवण द्यावे लागते. फरक पडतो तो देणारा आणि घेणारा यांच्या नात्यात. घेणाऱ्याला निर्णयात जागा आहे काय, देण्यामागे त्याने उपकृत राहावे अशी अपेक्षा आहे काय, यावर दान संघटनेची पायरी बनते की तिला पर्याय ठरते हे अवलंबून असते. या प्रश्नाची सविस्तर चर्चा झाली असती तर ग्रंथ कार्यकर्त्यांना आणखी उपयोगी पडला असता. तसेच १९६८ च्या मोहिमेतील मतभेद, नेतृत्वाची ओढाताण, निरनिराळ्या गटांतील अविश्वास यांचे धडेही प्रेरणेइतकेच महत्त्वाचे आहेत.

इस्लामी परंपरेशी संवाद

ग्रंथाचा पाया ख्रिस्ती धर्मशास्त्राचा आहे. येशूचा अभिषेक व त्यांचे दैवी राज्य यांविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धा मुस्लिम वाचकाच्या नाहीत. हजरत ईसा (अ.) त्याला पैगंबर म्हणून वंदनीय आहेत. पण ग्रंथातील मूळ प्रश्न, म्हणजे धर्मवचन गरिबीच्या समर्थनासाठी वापरता येते काय, हा मुस्लिम समाजालाही तितकाच लागू आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह यासीनमधील ४७ वी आयत या दृष्टीने फार बोलकी आहे. अल्लाहने दिलेल्यातून खर्च करा असे सांगितले असता नाकारणारे लोक उलट विचारतात की, अल्लाहने इच्छिले असते तर त्यानेच ज्यांना खाऊ घातले असते त्यांना आम्ही का खाऊ घालावे? म्हणजे गरिबीला ईश्वरी इच्छेचे नाव देण्याची सबब कुरआनमध्ये नोंदलेली आहे, आणि ती सत्य नाकारणाऱ्यांच्या तोंडी आहे. यासीन ही घरोघरी पठण होणारी सूरह. मय्यतीच्या घरी, शबे-बरातला, आजाऱ्याच्या उशाशी ती वाचली जाते. तरीही नशिबाचा हवाला देऊन गरिबीचा विषय मिटवणाऱ्यांना या आयतीची आठवण क्वचितच होते.

याउलट सूरह जुखरुफची ३२ वी आयत, जिच्यात लोकांची उपजीविका अल्लाहने वाटून दिल्याचा आणि काहींना काहींपेक्षा वर ठेवल्याचा उल्लेख आहे, विषमता नैसर्गिक असल्याचे सांगण्यासाठी उद्धृत होते. थिओहॅरिस यांची पद्धत येथे लावून पाहण्यासारखी आहे. त्याआधीच्या आयतीत मक्केच्या प्रतिष्ठितांचा आक्षेप आहे : कुरआन दोन शहरांतील एखाद्या मोठ्या माणसावर का उतरले नाही? ३२ व्या आयतीतील उत्तर त्या आक्षेपाला आहे. अल्लाहच्या कृपेचे वाटप तुम्ही करणार काय, असा तिचा आरंभ आहे, आणि तुम्ही जे साठवता त्याहून ती कृपा श्रेष्ठ आहे, असा तिचा शेवट आहे. श्रीमंतीवरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्यांना फटकारणारी आयत श्रीमंतीच्या समर्थनासाठी वापरली जावी, हा वचन तोडून वाचण्याचाच परिणाम होय.

'अनुवाद'च्या १५ व्या अध्यायाशी जुळणारी वचनेही स्पष्ट आहेत. कर्जदार अडचणीत असेल तर मुदत द्यावी आणि कर्ज सोडून देणे अधिक चांगले, असे सूरह बकराच्या २८० व्या आयतीत सांगितले आहे. त्याआधीच्या आयतींत व्याजाचा निषेध आहे. जकातीच्या आठ खर्चबाबी सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत दिल्या आहेत, त्यांत कर्जात बुडालेले आणि दास्यातून मुक्त होऊ इच्छिणारे यांचा समावेश आहे. संपत्ती केवळ तुमच्यातील धनिकांमध्ये फिरत राहू नये, हा सूरह हश्रच्या ७ व्या आयतीतील दंडक वाटपाच्या व्यवस्थेविषयी आहे. सूरह मआरिजमध्ये (२४-२५) श्रीमंतांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा व वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचे म्हटले आहे. हक्क हा शब्द येथे महत्त्वाचा. हक्क घेणारा उपकृत नसतो.

हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. सोने-चांदी साठवून ठेवणाऱ्यांविषयीची सूरह तौबाची ३४ वी आयत कोणाला लागू, यावर सीरियाचे तत्कालीन प्रशासक हजरत मुआविया (रजि.) यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. ती ग्रंथधारकांविषयी आहे असे एक मत, ती त्यांच्याविषयी आणि आपल्याविषयीही आहे असे अबू जर यांचे मत. वचनाचा रोख दुसऱ्याकडे वळवायचा की स्वतःकडे घ्यायचा, हा वाद इतका जुना आहे.

अलीकडच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील फरीद इसॅक यांनी वर्णभेदविरोधी लढ्यात 'कॉल ऑफ इस्लाम' या संघटनेत काम करताना पीडितांच्या बाजूने कुरआन वाचण्याची भूमिका घेतली आणि १९९७ च्या 'कुरआन, लिबरेशन अँड प्लुरॅलिझम' या ग्रंथात ती मांडली. कुरआनमधील 'मुस्तजअफीन', म्हणजे ज्यांना दुर्बल करून ठेवले आहे असे लोक, ही संज्ञा त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. या शब्दाची घडणच सांगते की दुर्बलता कोणीतरी लादलेली आहे. मुंबईत राहून लेखन व सुधारणाकार्य करणारे असगर अली इंजिनिअर (१९३९-२०१३) यांनी त्याआधीच १९९० साली 'इस्लाम अँड लिबरेशन थिऑलॉजी' या ग्रंथातून ही दिशा दाखवली होती. थिओहॅरिस यांचा ग्रंथ या दोघांच्या शेजारी ठेवून वाचला तर तुलनात्मक अभ्यासाला चांगला विषय मिळतो.

विचाराची कसोटी

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर विल्यम बार्बर आणि थिओहॅरिस यांनी १९६८ ची मोहीम नव्या स्वरूपात सुरू केली. बार्बर यांनी २०१३ पासून नॉर्थ कॅरोलिना राज्यात 'मॉरल मंडेज' या नावाने दर सोमवारी विधानभवनात शांततामय सत्याग्रहाचा प्रयोग केला होता. १४ मे २०१८ रोजी तीसहून अधिक राज्यांच्या राजधान्यांत एकाच वेळी आंदोलन सुरू झाले आणि चाळीस दिवसांनी, २३ जून रोजी, वॉशिंग्टनमध्ये मेळावा भरला. वंशभेद, दारिद्र्य, पर्यावरणाचा नाश, युद्धकेंद्री अर्थव्यवस्था आणि धर्माच्या नावाने चालणारा विकृत राष्ट्रवाद हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ही तिची मांडणी होती. मोहिमेच्या पाहणीने अमेरिकेत १४ कोटी लोक गरीब किंवा अल्प उत्पन्नाचे असल्याचे म्हटले. २०१६ च्या अधिकृत मोजणीनुसार हा आकडा ४ कोटी ६ लाख होता. दोन आकड्यांत एवढे अंतर पडते, कारण मोहिमेने दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, म्हणजे एखाद्या आजारपणाने वा नोकरी गेल्याने रेषेखाली जाऊ शकणाऱ्यांनाही, मोजले. टीकाकारांनी या व्याख्येला सैल म्हटले आहे आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र गरीब कोणाला म्हणायचे हे ठरवण्यात गरिबांचा वाटा असावा, हा मोहिमेचा आग्रहही विचारात घ्यावा लागतो.

गरिबी अटळ आहे काय, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मात्र सरकारी आकडेवारीतून मिळाले. कोविड काळात २०२१ साली अमेरिकी सरकारने मुलांसाठीची करसवलत वाढवली. सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर आणि त्यावरील मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत रक्कम, कर भरण्याइतके उत्पन्न नसलेल्या कुटुंबांनाही मिळू लागली. तिचा काही भाग जुलै ते डिसेंबर दरमहा देण्यात आला. पूरक मोजणीनुसार मुलांमधील दारिद्र्य २०२० साली ९.७ टक्के होते ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. सिनेटमध्ये पुरेसे बळ न मिळाल्याने योजना वाढवली गेली नाही आणि २०२२ मध्ये हेच प्रमाण १२.४ टक्के झाले. दोन वर्षांत ना लोकांचे नशीब बदलले होते, ना त्यांचे कष्ट. बदलला तो कायदा. 'अनुवाद'च्या १५ व्या अध्यायाचा जो अर्थ थिओहॅरिस लावतात, त्याला इतके नेमके उदाहरण ग्रंथलेखनाच्या वेळी त्यांच्यापाशी नव्हते.

याच आकड्यांतून मोहिमेची मर्यादाही दिसते. जून २०२२ मध्ये तिने वॉशिंग्टनमध्ये पुन्हा मोठा मेळावा भरवला, परंतु संपलेली योजना परत आणण्याइतका दबाव ती निर्माण करू शकली नाही. संघराज्याचे किमान वेतन २००९ साली ताशी ७.२५ डॉलर झाले, त्यानंतर दीड दशक उलटूनही ते वाढले नाही. वचनाचा योग्य अर्थ सापडला म्हणजे सत्तेचे गणित बदलते असे नाही. अर्थ सापडल्याने लोकांच्या मनातील अडसर दूर होतो. त्यापुढचे काम संघटनेचे, आणि ते संथ असते.

समारोप

थिओहॅरिस यांचा ग्रंथ पाठभेदांच्या बाबतीत काहीसा घाईचा आणि दानाच्या बाबतीत काहीसा एकांगी आहे. तरीही एका लोकप्रिय वचनाच्या आड दडलेली बेफिकिरी त्याने उघड केली, आणि ज्यांच्याविषयी ते वचन उच्चारले जाते त्यांना वाचकांच्या बैठकीत आणून बसवले, हे त्याचे मोल कमी होत नाही.

मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणानेही विचार करायला लावील. अशा अनेक संस्था जकात व सदक्याच्या निधीतून शिष्यवृत्त्या देतात. त्या निधीवर शिकणारा विद्यार्थी संस्थेच्या अहवालात 'लाभार्थी' असतो. वार्षिक समारंभात त्याला व्यासपीठावर बोलावून धनादेश दिला जातो आणि छायाचित्र काढले जाते. सूरह मआरिजच्या भाषेत तो हक्कदार आहे. निधीचे निकष ठरवताना त्याला वा त्याच्या पालकांना कोणी विचारले काय, हा प्रश्न जॉनी टिलमन यांनी किंग यांना विचारलेल्या प्रश्नाच्याच जातीचा आहे. किंग त्या बैठकीत रागावले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत. त्यांनी ऐकून घेतले. संस्थेच्या पुढील बैठकीत दोन विद्यार्थी व दोन पालक बोलावले गेले, तर या ग्रंथाचे वाचन कारणी लागले असे म्हणता येईल.